चढ, ओझं आणि दात्यांचा हिशेब

केळी भरलेली पिकअप चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मध्येच थांबली आणि पुन्हा उचलली, की क्लचचा जळका वास येतो. दोष इंजिनाचाच असतो असं नाही. मागच्या एक्सलमध्ये क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकांची जोडी असते. क्राऊनला ४१ दाते, पिनियनला १० असले तर गुणोत्तर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा रेशो, ४.१. शाफ्टचे ४.१ फेरे, तेव्हा चाकाचा एक. पिनियनला ८ दाते असले तर ५.१२५. ओढ सव्वापट होते. पण त्याच वेगाला इंजिनही सव्वापट फिरतं. धुळे-जळगावच्या सपाट रस्त्यावर डिझेल जास्त जातं.

मग निवडायचं काय? ॲरिस्टॉटल सांगतो, योग्य मध्य हा दोन आकड्यांच्या बरोबर मधला नसतो, तो ज्याचा त्याच्यापुरता असतो. तुमची गाडी वर्षातले किती दिवस भरलेली घाटात असते, ते मोजा. बहुतेक दिवस असेल, तर मोठा आकडा घ्या. उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी जास्त धरून ठेवतं, ब्रेक कमी तापतात. मात्र रेशो बदलला म्हणून वजनाची मर्यादा वाढत नाही. जास्तीचं डिझेल पैशात मोजता येतं. निकामी झालेला ब्रेक नाही.