डुकरांच्या तापावर लस : अडलंय कुठे?

आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा स्वाइन फ्लू नव्हे. तो माणसाला होत नाही. डुकरांचे कळप मात्र आठवड्या-दोन आठवड्यांत रिकामे करतो. १९२१ मध्ये केनियातून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. २००७ मध्ये तो जॉर्जियात, २०१८ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात पोचला.

शंभर वर्षं उलटली, तरी लस इतकी अवघड का? विषाणू अवाढव्य, दीडशेहून अधिक प्रथिनं बनवणारा. शिवाय तो वाढतो रोगाशी लढणाऱ्या मॅक्रोफेज पेशींतच, म्हणजे चोर पोलीसचौकीतच बिऱ्हाड करून! मारलेल्या विषाणूची लस इथे जवळजवळ निरुपयोगी ठरते. उरतो दुबळा केलेला जिवंत विषाणू. तो प्रयोग १९६० च्या दशकात पोर्तुगालमध्ये झाला आणि लस दिलेल्या अनेक डुकरांना रोगच जडला. त्या धसक्याने हे संशोधन बरीच वर्षं मागे पडलं.

अमेरिकी शास्त्रज्ञांनी आय१७७एल हे जनुक काढून विषाणू दुबळा केला. त्यावरच्या लसीला व्हिएतनामने २०२२ मध्ये परवाना दिला. डुकरं दगावल्यावर वापर थांबवला. २०२३ मध्ये पुन्हा, आणखी एका लसीसह, देशभर परवानगी दिली. घाई झाली, अशी शंका येतेच. लस दिलेलं डुक्कर आणि आजारी डुक्कर नेहमीच्या रक्तचाचणीत वेगळं ओळखता येत नाही, हीही अडचण. त्यातच चीनमध्ये दोन जनुकप्रकारांचा संकर झालेले विषाणू सापडले असून, तिथल्या प्रायोगिक लसीला ते दाद देत नाहीत.