पिन काढली, तरी टीव्ही का जळतो?



वळवाचे दिवस आले, की विजा कडाडल्यावर टीव्ही गेला, सेट-टॉप बॉक्स गेला, कॅमेरा बंद पडला, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. त्यात एक वाक्य हमखास असते, "अहो, पिन काढून ठेवली होती, तरी टीव्ही गेलाच कसा?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रत्येक घराने समजून घ्यावे असे आहे.

पिन काढली म्हणजे एक दार बंद झाले. दुसरे उघडेच राहते, ते म्हणजे केबल. छपरावरच्या डिशची, खांबावरून आलेली किंवा गोठ्यातल्या कॅमेऱ्यापासून घरापर्यंत ओढलेली. या केबलीच्या मधोमध धातूची तार असते आणि भोवती धातूची जाळी. वीज घरावरच पडली पाहिजे असे नाही. शे-दोनशे मीटरवरच्या झाडावर पडली, तरी अशा लांब तारेत क्षणभर मोठे व्होल्टेज उत्पन्न होते. ते सेट-टॉप बॉक्समध्ये शिरते. टीव्हीची पिन काढलेली असते, पण बॉक्सची तशीच राहिलेली असते, आणि दोघांना जोडणारी वायरही जागेवरच असते. मग दोन्ही जातात.

आता यातले मर्म पाहू. समजा, विजेचा १००० अँपिअरचा लोट घराच्या अर्थिंगमधून जमिनीत चालला आहे आणि त्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. गुणाकार केला, तर ५००० व्होल्ट होतात. म्हणजे तेवढा वेळ घरातल्या सगळ्या अर्थिंगचे व्होल्टेज ५००० वर जाते. केबलीची अर्थिंग निराळी, अंगणात दुसरीकडे ठोकलेली असेल, तर ती खालीच राहते. हा ५००० व्होल्टचा फरक मधल्या टीव्हीला सोसावा लागतो. दोन्ही अर्थिंग एकत्र जोडलेल्या असतील, तर दोन्हींचे व्होल्टेज बरोबरच चढते आणि बरोबरच उतरते. पुराच्या पाण्यावर होडी आणि तिच्यातले सामान एकदमच वर येते, सामानाला धक्का लागत नाही, तसेच हे.

म्हणून मुख्य गोष्ट एकच. डिशला किंवा केबलीला वेगळी सळई ठोकून तशीच सोडू नये. केबल आणि मीटरची लाइन शक्यतो घराच्या एकाच बाजूने आत घ्यावी. केबल आत शिरते तिथे तिच्या जाळीला पकडणारा धातूचा जोड बसवून, तो जाड आणि आखूड तारेने घराच्या मुख्य अर्थिंगला जोडावा. अर्थिंगसंबंधीचे भारतीय मानक, आय.एस. ३०४३, याचाही रोख घरातल्या सगळ्या अर्थिंग एकमेकींना जोडण्यावरच आहे.

काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. "आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे," असे पुष्कळजण सांगतात. स्टॅबिलायझर कमी-जास्त व्होल्टेज सावरतो. विजेचा लोट सेकंदाच्या काही लाखाव्या भागात चढतो, तोवर स्टॅबिलायझरला जागही येत नाही. सर्ज प्रोटेक्टर हे काम करतो, पण खरी अर्थिंग असेल तरच. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकाला वायरच नसेल, तर तो विकत घेऊन भिंतीला लटकवल्यासारखेच. शिवाय केबल त्याच्यातून गेलेली नसेल, तर ते दार उघडेच राहते. काही ठिकाणी अर्थिंगऐवजी न्यूट्रलचीच वायर त्या भोकाला जोडून देतात. हे तर फार वाईट. न्यूट्रल तुटला, की फ्रिजच्या पत्र्यावर करंट येतो.

फायबरची लाइन आलेल्या घरांनीही गाफील राहू नये. काच वीज वाहत नाही हे खरे, पण काही फायबरच्या जोडीला आधाराची पोलादी तार असते, आणि राऊटरचा ॲडॉप्टर तर घरच्या लाइनवरच असतो. गोठा आणि घर यांच्यामधल्या कॅमेऱ्याला मात्र तांब्याऐवजी फायबर किंवा वायफाय वापरणे चांगले.

वीज अगदी घरावर पडली, तर कोणतेही उपकरण खात्रीने वाचवता येत नाही. म्हणून आभाळ भरून आले, की बॉक्स, टीव्ही आणि राऊटर यांच्या पिना काढाव्यात आणि केबलही बॉक्समधून सोडवून लांब ठेवावी. हे सारे विजा सुरू होण्याआधी. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्या परिसरातल्या विजांची सूचना देते, ते मोबाईलवर घ्यावे. चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजावेत. ३ सेकंदांना सुमारे १ किलोमीटर, हा हिशेब. ३० च्या आत आवाज आला, तर वीज जवळ आहे असे समजावे. मग ना पिनेला हात लावावा, ना केबलीला, ना मोटारीच्या स्टार्टरला. पोरांनाही हे बजावून ठेवावे. टीव्ही हप्त्याने पुन्हा घेता येतो, माणूस नाही.

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावे. आणि मृगाच्या आत परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग, केबलीचा जोड व सॉकेटची वायर, एवढ्या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, ही सर्व सभासदांना विनंती.