स्नायू : देहातील तीन तऱ्हेचे कामकरी

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की रस्सीखेच ठरलेलीच. वीस-पंचवीस वर्षांनी दोर हाती धरलेली मंडळी त्या दिवशी खुशीत असतात आणि दुसऱ्या दिवशी अंग आंबल्याची तक्रार करतात. विज्ञान शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांना स्नायूंचा परिचय या तक्रारीपासूनच करून देणे सोयीचे वाटते.

दोर ओढणारे स्नायू कंडरांनी हाडांना जोडलेले असतात. असे सहाशेहून अधिक स्नायू आपल्या शरीरात आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवर आडवे पट्टे दिसतात, म्हणून ते पट्टकी. आपल्या इच्छेप्रमाणे चालतात, म्हणून ऐच्छिक. त्यांच्याविषयीची एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते. स्नायूला केवळ ओढता येते, ढकलता मुळीच येत नाही. दार लोटतानाही दंडाच्या मागचा स्नायू हाड ओढूनच कोपर सरळ करीत असतो.

हे ओढणे कसे घडते, याचा उलगडा १९५४ साली झाला. अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन या दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, स्नायू आकुंचन पावताना त्यातील सूक्ष्म तंतू आखूड होत नाहीत. ॲक्टिनचे तंतू मायोसिनच्या तंतूंवरून सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सरकवून पाहावीत, म्हणजे कल्पना येईल.

लॅक्टिक आम्ल साचून अंग आंबते, असे आम्हीही एके काळी वर्गात सांगत होतो. ते बरोबर नव्हते. हे आम्ल तास-दोन तासांत निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे सवय नसलेल्या ताणाने तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे असते. तंतूंना लागून असलेल्या राखीव पेशी ती इजा भरून काढतात आणि काही दिवसांत स्नायू पूर्ववत होतो.

दुसरा प्रकार मृदू अथवा अनैच्छिक स्नायूंचा. जठर, आतडी, गर्भाशय, रक्तवाहिन्या यांच्या भित्तींत ते असतात. त्यांवर पट्टे नसतात; ते सावकाश आकुंचतात व दीर्घकाळ थकत नाहीत. घास गिळल्यावर पुढे ढकलणारे तेच, आणि थंडीने अंगावर काटा आणणारेही तेच. (श्वासपटल मात्र पट्टकी स्नायू असूनही आपण झोपलो तरी काम करीत राहते.)

तिसरा स्नायू केवळ हृदयात आढळतो. त्यावर पट्टे आहेत, पण तो इच्छेच्या अधीन नाही. ठोक्याची प्रेरणा हृदयातच निर्माण होते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाहून अधिक होतात. प्रत्येक ठोक्याच्या सुमारे ०.८ सेकंदापैकी ०.३ सेकंद खालचे कप्पे आकुंचतात, उरलेला वेळ सैल असतात. याच उसंतीत हृदयाच्या स्नायूला त्याच्या स्वतःच्या धमन्यांतून बरेचसे रक्त मिळते.

अशी धमनी गुठळीने बंद झाली, तर साधारण वीस मिनिटांनंतर पेशी मरू लागतात आणि पुढील काही तासांत हानी पसरत जाते. हाताच्या स्नायूत असतात तशा राखीव पेशी येथे उपयोगी पडत नाहीत. मेलेल्या भागाच्या जागी व्रण उरतो, आणि व्रणाला आकुंचन पावता येत नाही.

आमच्या अनेक पालकांनी आयुष्यभर अंगमेहनत केली आहे. दुखणे अंगावर काढण्याची सवय त्यांना तेथेच लागली; आणि हातापायांच्या स्नायूंनी ती बहुधा निभावूनही नेली. तीच सवय छातीच्या दुखण्याला लावली जाते, याची आम्हांला चिंता वाटते. छातीत जडपणा, आवळल्यासारखे होणे, डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे सरकणारी कळ, दरदरून घाम, धाप ही लक्षणे ‘पित्त झाले’ किंवा ‘ओझे उचलले म्हणून’ असे म्हणून सोडून देऊ नयेत. स्त्रियांत व मधुमेहींत कळ सौम्य असू शकते, कधी नसतेही. केवळ धाप, मळमळ किंवा अतोनात थकवा जाणवतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, रुग्णाला बसवून ठेवावे आणि त्याला स्वतः दुचाकी चालवीत दवाखान्यात जाऊ देऊ नये.