डुगडुगणारे स्टूल : सुतारकामाच्या कार्यशाळेतील शिक्षण

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या सुतारकाम विभागात दरवर्षी घडू शकणारा एक प्रसंग आहे. प्रशिक्षणार्थीचे पहिले स्टूल डुगडुगते. तो एक पाय किंचित कापतो. मग दुसरा लांब वाटू लागतो, तोही कापला जातो. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर स्टुलाचा पाट होतो आणि सारी कार्यशाळा हसू लागते. निदेशकही हसतात, त्यांच्या पहिल्या स्टुलाची गत फारशी निराळी झालेली नसावी.

यामागे साधी भूमिती आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून प्रतल जातेच, म्हणून तिपाई डुगडुगत नाही. चौथा बिंदू त्याच प्रतलात येईल, याची मात्र शाश्वती नसते. यासाठी स्टूल सपाट पृष्ठभागावर ठेवून, आखूड पायाखाली पाचर सारून ते स्थिर करतात आणि एकाच उंचीच्या ठोकळ्याच्या आधाराने चारही पायांवर रेघ आखतात. त्या रेघेवर कापले की काम संपते. फळ्यावर लिहून दिलेली ही रीत परीक्षेपर्यंत टिकते; पाट झालेले स्टूल जन्मभर लक्षात राहते.

केंद्र शासनाची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. सुतारकामाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेनंतर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. पूर्वी ही विद्या मुख्यतः घराण्यात आणि जातीत बापाकडून मुलाकडे जाई. ज्यांच्या घरात कधी रंधा नव्हता, अशा मुलामुलींनाही कार्यशाळेने ती खुली केली. परंतु सुताराच्या मुलाला चुका करण्यास दहा वर्षे मिळत; येथे एकच मिळते. म्हणून चुका लवकर आणि चारचौघांत व्हाव्या लागतात. ज्या कार्यशाळेत हसण्याऐवजी अपमान होतो, तेथे प्रशिक्षणार्थी सांध्यातील फट भुसा आणि सरस भरून बुजवतो. पॉलिश चढताच ती जागा वेगळी उठून दिसते, कारण सरस लागलेले लाकूड रंग नीट शोषत नाही.

सर्वांत मोठी फजिती लाकूडच करते. ओल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरले की ते आकसू लागते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, आडव्या दिशेने मात्र बरेच. जोधपूरच्या उन्हाळ्यात अचूक बसवलेला खण कोचीच्या पावसाळ्यात अडकून बसतो. याच कारणाने कपाटाच्या दाराची रुंद फळी चौकटीच्या खाचेत सरसाविना, मोकळी बसवतात. हे न जाणणाऱ्या उत्साही विद्यार्थ्याने ती पक्की चिकटवली, तर काही महिन्यांत फळीला तडा जातो.

प्रमाणपत्रानंतरची पायरी म्हणजे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यातील उमेदवारी. आस्थापनांनी अधिक उमेदवार घ्यावेत म्हणून २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विहित विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्राने उचलण्याची तरतूद झाली. कारखान्यात थट्टामस्करी असतेच. मात्र तेथे वाया गेलेल्या सागाचा हिशेब मागितला जातो, आणि स्टुलाची वाट पाहणारे गिऱ्हाईक पाट घेऊन जात नाही.