शाळातपासणी आणि पालक

शाळातपासणीचा विषय निघाला म्हणजे झाडून घेतलेले पटांगण, भिंतींवर नव्याने लावलेले तक्ते आणि विद्यार्थ्यांकडून घोटून घेतलेली उत्तरे एवढेच बहुधा डोळ्यांपुढे येते. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न निराळाच आहे. तपासणीचा शेरा कोणासाठी लिहिला जातो? ज्याचे मूल त्या शाळेत शिकते, त्या पालकापर्यंत तो पोहोचतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा महाराष्ट्रापुरता विचार करावयाचा आहे.

आपल्याकडील तपासणीपद्धतीचे मूळ 1854 च्या वुडच्या खलित्यात आहे. प्रत्येक इलाख्यात स्वतंत्र विद्याखाते असावे, त्याच्या हाताखाली निरीक्षक नेमावेत आणि खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यावयाचे ते तपासणीच्या अटीवर द्यावे, असे धोरण त्यात आखले होते. त्यानुसार 1855 मध्ये मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले. खेड्यापाड्यांत तपासणीस जाणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरास लोक ‘दिपोटी’ म्हणू लागले. तात्पर्य, तपासणीचा जन्मच मुळी पैशाचा हिशेब राखण्याच्या गरजेतून झाला. सरकार पैसा देणार, म्हणून सरकारचा माणूस शाळा पाहणार आणि आपला अहवाल सरकारलाच सादर करणार, अशी ही रचना होती. तीत पालकास स्थान नव्हते. पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरविण्याची पद्धती आली, तेव्हा हा दोष अधिकच बळावला. ज्या गोष्टीवर पैसा मिळतो तेवढीच शिकविण्याकडे शाळांचा कल होणे स्वाभाविक होते.

या व्यवस्थेवरील एक मार्मिक टीका महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात आढळते. प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी व सदोष आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या दिपोटीच्या भेटीचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी आणि पूर्वसूचना न देताही शाळांना भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले. गावच्या व जिल्ह्याच्या इतर अधिकाऱ्यांवर विसंबून चालणार नाही, कारण अनेक कामांच्या व्यापात त्यांची तपासणी वरवरचीच होते, हेही त्यांनी नमूद केले. ज्या आईबापांना स्वतःला अक्षरओळख नाही, त्यांना मुलाची प्रगती स्वतः पडताळून पाहता येत नाही. त्यांच्यासाठी तपासनीस हाच एकमेव जाणता साक्षीदार असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या सूचनांचे महत्त्व उमजते.

आजची रचना अर्थातच अधिक विस्तृत आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांवर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी अशी चढती श्रेणी देखरेख करते. बृहन्मुंबईत खाजगी माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांची कार्यालये आहेत. तपासनीस हजेरीपट, सामान्य नोंदवही, वेळापत्रक, मूल्यमापनाच्या नोंदी, पोषण आहाराचा साठा व हिशेब पाहतो. वर्गात बसून पाठ ऐकतो. मुलांना वाचावयास व गणिते करावयास सांगतो. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने यांपैकी काही गोष्टींची मोजमापे निश्चित केली आहेत. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 व सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस असावेत. पहिली ते पाचवीच्या 60 पर्यंत पटाच्या शाळेस दोन शिक्षक असावेत, इत्यादी. 2015 मध्ये ‘शाळासिद्धी’ हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळेने सात क्षेत्रांत प्रथम स्वतःचे मूल्यमापन करावयाचे व नंतर ते बाहेरील व्यक्तींनी पडताळावयाचे, असा क्रम आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एका दिवसाच्या भेटीत नोंदवह्या पूर्ण आहेत की नाहीत हे निश्चित कळते. परंतु मूल वर्षभर काय शिकले, याचा केवळ अंदाज येतो. म्हणून उत्तम शेरा म्हणजे उत्तम शाळा, असे समीकरण पालकांनी मांडू नये, तद्वतच एखाद्या प्रतिकूल शेऱ्याने घाबरूनही जाऊ नये. शेऱ्याचे खरे मोल त्याच्या पूर्ततेत असते. गतवर्षी दाखविलेली उणीव यंदाही जशीच्या तशी लिहिली गेली असेल, तर ती शाळेविषयी जितके सांगते तितकेच तपासणाऱ्या यंत्रणेविषयीही सांगते.

पूर्ततेचा पाठपुरावा करण्याचा अधिकार पालकांना आता कायद्याने मिळाला आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही या समितीची कामे होत. मात्र 2012 च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतील समितीचे कार्य सल्ल्यापुरते उरले असून विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागूच नाही. तेथील पालकांस मुख्यतः पालक-शिक्षक संघावर अवलंबून राहावे लागते. शासकीय कार्यालयातील तपासणी अहवालाची प्रत मात्र 2005 च्या माहिती अधिकार कायद्यान्वये कोणासही मागता येते.

तथापि अधिकार कागदावर असणे आणि तो वापरला जाणे यांत अंतर आहे. समितीच्या सभेत मजुरीवरून आलेली आई इतिवृत्तावर केवळ अंगठा उमटवून परतत असेल, तर 1882 मधील परिस्थिती नावापुरतीच पालटली असे म्हणावे लागेल. यावर उपाय खर्चाचा नाही. प्रत्येक तपासणीनंतरच्या सभेत शेरा मोठ्याने वाचून दाखवावा, तो साध्या बोलीत समजावून सांगावा, आणि कोणती उणीव कोण व केव्हा भरून काढणार हे इतिवृत्तात नोंदवावे. आजवर केवळ वरच्या कार्यालयाकडे जाणारा शेरा जेव्हा वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या पालकाकडेही वळेल, तेव्हाच तपासणी हे शिक्षणाचे एक अंग ठरेल.