यंदाचा उन्हाळा खरोखरच जास्त कडक आहे का?

१० मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सोलापुरातल्या एखाद्या मोकळ्या मैदानात उभे राहून पाहा. तुमची सावली पायांपाशीच गोळा झालेली दिसेल. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७.७ अंशांवर आहे. त्यामुळे त्या दिवसांत सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आकाश निरभ्र आणि जमीन कोरडी असल्याने पारा सहज चाळिशी ओलांडतो.

अशा दुपारी घरोघरी एक वाद हमखास रंगतो. आजोबा म्हणतात, "आमच्या वेळी एवढं ऊन नव्हतं." आजी म्हणते, "काय सांगता! बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा विसरलात वाटतं?" यात खरे कोणाचे?

दोघेही प्रामाणिक आहेत. पण आठवण अंश मोजत नाही. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, माणसे खडी फोडायला गेली. मनावर कोरले गेले ते हे हाल. पाऊस किती कमी पडला आणि हवा किती तापली, हे मात्र दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर वर्षानुवर्षांच्या नोंदींकडेच जावे लागते.

मग तापमापक घ्यावा आणि मोजावे, एवढे सोपे आहे का? एक तापमापक पत्र्यावर उन्हात ठेवा, दुसरा भिंतीला टेकवून आणि तिसरा झाडाच्या सावलीत वाऱ्यावर टांगा. तिन्ही आकडे निराळे येतील. उन्हातला तापमापक हवेचे तापमान सांगतच नाही. सूर्यकिरणे शोषून तो स्वतः किती तापला, एवढेच तो सांगतो.

म्हणूनच वेधशाळेत तापमापक एका पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतात. थॉमस स्टीव्हन्सन यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिच्या बाजूंना झडपांसारख्या तिरप्या पट्ट्या असतात. त्यांतून वारा खेळतो, पण ऊन आत शिरत नाही. आतले तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतात. आपल्याकडे पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ते उघडताना ऊन आत येण्याचा संभव कमी. कमाल तापमापकाच्या नळीला एका जागी बारीक आवळ असते. पारा चढताना तिच्यातून पुढे सरकतो. हवा थंडावली, तरी मागे येत नाही. झटकेपर्यंत तो दुपारचा आकडा धरून ठेवतो.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या वेळी आकडा वाचून लिहिणे, या साध्या शिस्तीवर सगळी इमारत उभी आहे. आता स्वयंचलित उपकरणेही आली आहेत, पण शिस्त तीच.

'उष्णतेची लाट' हा शब्द तुम्ही ऐकता. तोसुद्धा जुन्या नोंदींवरच अवलंबून आहे. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस हवे आणि ते तिथल्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवे. किंवा सरळ ४५ अंशांवर तरी पोहोचलेले हवे. समजा, एका गावाची त्या दिवसाची सरासरी ४० आहे आणि पारा ४३ वर गेला. ही लाट नव्हे. दुसऱ्या गावाची सरासरी ३६ आणि पारा ४१. तिथे लाटेची अट पुरी होते. ही सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात.

आता धुराकडे वळू. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. ऊसतोडणीनंतर काही शेतांत पाचट पेटवतात. माळावरच्या वाळल्या गवतालाही उन्हाळ्यात आग लागते. दाट धुरातले कण सूर्यप्रकाश विखुरतात आणि काही शोषतात. जमिनीवर ऊन कमी पोहोचते आणि त्या जागी दुपारचे कमाल तापमान थोडे कमी भरू शकते. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर १९९१ साली घडला. फिलिपाइन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने उडवलेल्या वायूपासून वर बारीक कण तयार झाले आणि पुढल्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले. मात्र यावरून धूर हिताचा आहे असे समजू नका. त्यातले अतिसूक्ष्म कण थेट फुप्फुसांत खोलवर जातात. सांगायचे ते इतकेच, की आकड्याशेजारी 'आज धूर होता' हा शेराही लिहून ठेवावा.

इथे माझी एक चूक सांगतो. बी.एस्सी.ला असताना कॉलेजातली तापमानाची वही माझ्याकडे होती. रविवारी जायचा मला कंटाळा. शनिवार आणि सोमवार यांच्या मधला आकडा मी रविवारसाठी भरून टाकी. सरांनी वही पाहिली. सगळे रविवार असे बरोबर मधोमध बसलेले पाहून ते रागावले नाहीत. लाल शाईने प्रत्येक खोटा आकडा खोडला आणि पुढे लिहिले, 'नोंद नाही'. मोकळी जागा पुढच्या अभ्यासकाला सावध करते, खोटा आकडा त्याला फसवतो, हे मी तेव्हा शिकलो.

आता आजोबा-आजींच्या वादाकडे परत येऊ. देशभरच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी दाखवले आहे, की १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आजोबांचे म्हणणे ढोबळमानाने बरोबर. पण एखादा जुना उन्हाळा यंदापेक्षा कडक असू शकतो, म्हणून आजीलाही खोडून काढता येत नाही. एका दुपारवरून हवामान ठरत नाही. अर्धा-पाऊण अंशाची वाढ अंगाला कळत नाही. ती वहीलाच कळते.

तेव्हा शाळेत अशी एक वही सुरू करा. तापमापक सावलीत, वारा खेळेल असा, कायम एकाच जागी टांगा. भर उन्हात फिरू नका, पाणी पीत राहा. एखाद्या दिवशी नोंद चुकली, तर जागा मोकळी सोडा. तुमच्यानंतर येणारी मुले ती वही उघडतील, तेव्हा त्यांना तुमच्या आकड्यांवर विश्वास ठेवता आला पाहिजे.