‘मी वाचून शिकणारा नाहीच!’

आठवीच्या वर्गात एका दिवसाची ‘व्यक्तिमत्त्व विकास’ कार्यशाळा होते. वीस-पंचवीस प्रश्नांचा कागद मुलांकडून भरून घेतला जातो. नवी वस्तू हातात आली तर आधी माहितीपत्रक वाचतोस, कुणाला विचारतोस की थेट खटपट करून बघतोस? रस्ता सांगायचा तर नकाशा काढून दाखवतेस, तोंडी सांगतेस की सोबत चालत जातेस? गुणांची बेरीज होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक शब्द येतो. कुणी ‘दृश्य’, कुणी ‘श्राव्य’, कुणी ‘कृतिशील’. मुलं खुशीत घरी येतात. चार दिवसांनी इतिहासाचं पुस्तक उघडायला सांगितलं, की तेरा वर्षांचा मुलगा शांतपणे म्हणतो, ‘‘आई, मी वाचून शिकणारा नाहीच. मी करून शिकणारा आहे. त्या कागदावरच आलंय.’’

आता पानिपतची लढाई करून कशी शिकायची, हा प्रश्न आईला पडतो. पण कागद शाळेतूनच आलेला असल्यामुळे ती गप्प बसते.

तिनं गप्प बसायचं कारण नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची एक ठरलेली शैली असते आणि त्या शैलीत शिकवलं की ते जास्त शिकतं, ही कल्पना ऐकायला अतिशय पटणारी आहे. मात्र ती तपासून पाहिली तेव्हा टिकली नाही.

या कल्पनेची सगळ्यात लोकप्रिय मांडणी न्यूझीलंडमधल्या नील फ्लेमिंग यांची. शाळा-तपासनीस म्हणून त्यांनी असंख्य तास पाहिले होते. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि प्रत्यक्ष करून असे शिकण्याच्या आवडीचे चार प्रकार त्यांनी केले, आणि १९९२ मध्ये एका सहकाऱ्यासोबत त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांचा रोख मुलांनी स्वतःच्या अभ्यासाकडे जरा थांबून पाहावं, एवढाच होता. पुढे त्या प्रश्नावलीचं जे झालं ते वेगळंच. आधीपासूनही अशा वर्गवाऱ्या होत्याच. २००४ मध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये मोजदाद केली, तेव्हा शिकण्याच्या शैलींच्या तब्बल ७१ वेगवेगळ्या मांडण्या सापडल्या. एकाच मुलाला ७१ प्रकारे ‘ओळखण्याची’ सोय असेल, तर नेमकं काय ओळखलं जातंय, अशी शंका यायलाच हवी.

बहुविध बुद्धिमत्तेचा सिद्धान्त मांडणाऱ्या हार्वर्डच्या हॉवर्ड गार्डनर यांचं नावही यात ओढलं जातं. त्यांचं मूळ पुस्तक १९८३ चं. आपला सिद्धान्त म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे गार्डनर यांनी स्वतःच पुढे जाहीरपणे स्पष्ट केलं आहे.

ही कल्पना तपासायची कशी, हे समजायला फार अवघड नाही. समजा, प्रश्नावलीवरून मुलांचे ‘दृश्य’ आणि ‘श्राव्य’ असे दोन गट केले. मग दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना तोच धडा चित्रांतून शिकवायचा आणि निम्म्यांना ऐकवून. शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच. शैलीची कल्पना खरी असेल, तर ‘दृश्य’ मुलांना चित्रांतून शिकल्यावर जास्त गुण मिळायला हवेत आणि ‘श्राव्य’ मुलांना ऐकून शिकल्यावर. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन चाळलं. या कसोटीवर उतरतील असे प्रयोगच त्यांना फार थोडे सापडले, आणि त्यांतल्याही बऱ्याच प्रयोगांचे निष्कर्ष कल्पनेच्या विरोधात गेले. शैलीनुसार शिकवण्यावर शाळांनी वेळ आणि पैसा घालावा, इतका आधार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्यानंतरच्या प्रयोगांनीही हे चित्र बदललेलं नाही.

तरी विश्वास कायम आहे. २०१२ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक शिक्षकांना ही कल्पना खरी वाटत होती. याचं एक साधं कारण आहे. आवड असतेच. कुणाला व्हिडिओ बघायला आवडतो, कुणाला गोष्ट ऐकायला. आवडीच्या मार्गानं शिकताना ‘मला समजतंय’ असं वाटतं. पण वाटणं आणि येणं यांत अंतर असतं. अमेरिकेतल्या एका प्रयोगात लोकांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली आणि प्रत्येकाच्या वेळी ‘हे किती आठवेल?’ असा अंदाजही विचारला. ज्यानं त्यानं आपल्या ‘शैली’प्रमाणे अंदाज बांधले. प्रत्यक्षात आठवलेल्या गोष्टींचा शैलीशी संबंध आढळला नाही.

दुसरं असं, की कसं शिकायचं हे बहुतेक वेळा विषयच ठरवतो. सह्याद्री कुठून कुठे जातो ते नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही, मूल कितीही ‘श्राव्य’ असो. ‘ळ’चा उच्चार कानांनीच शिकावा लागतो. पोहणं पाण्यात. हृदयाचे चार कप्पे आणि त्यांतून वाहणारं रक्त समजायला आकृती, शब्द आणि स्वतः काढून पाहणं हे तिन्ही लागतं, आणि ते वर्गातल्या सगळ्यांनाच लागतं.

एवढ्यावर भागत असतं तर हा निरुपद्रवी खेळ म्हणून सोडून देता आला असता. पण बारा ते पंधरा हे वय ‘मी कोण?’ हे चाचपडण्याचं आहे. या वयात चिकटलेलं लेबल सहजी निघत नाही. चाळिशीच्या माणसाला ‘तुम्ही कृतिशील’ म्हटलं तर तो हसून सोडून देईल, तेराव्या वर्षी तीच ओळख होऊन बसते. वाचायचा कंटाळा असलेल्या मुलाला न वाचण्याचं प्रमाणपत्रच मिळतं, आणि ज्याचा सराव सगळ्यात कमी, तेच आणखी टाळलं जातं.

लेबल मोठ्यांच्या नजरेतही शिरतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पालक, शिक्षक आणि मुलं यांच्यासमोर काल्पनिक मुलांची वर्णनं ठेवली. काही मुलं ‘बघून शिकणारी’, काही ‘हातांनी करून शिकणारी’. बाकी माहिती काहीच नाही. तरीही बघून शिकणारी मुलं जास्त हुशार समजली गेली. आपल्याकडे तर हातांनी काम करणाऱ्याला कमी लेखायची सवय जुनीच. तिथं ‘कृतिशील’ या गोड शब्दाचा अर्थ ‘अभ्यासात बेताचा’ असा व्हायला वेळ लागत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र आरोग्याचा आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वाचणं टाळणाऱ्या मुलाला ‘तो श्राव्य आहे’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण त्याला फळा नीट दिसतो का? दूरचं अंधुक दिसण्याचा दोष याच वयात झपाट्यानं वाढतो आणि अनेक मुलांना आपल्याला कमी दिसतंय हे कळतच नाही, कारण नीट दिसणं म्हणजे काय हेच त्यांनी अनुभवलेलं नसतं. अक्षरं जुळवून वाचायला इतरांपेक्षा फार वेळ लागतो का? ओळ सुटते का, जोडाक्षरांवर अडखळायला होतं का, तोंडी सगळं सांगणारं मूल लिहिताना कोलमडतं का? असं असेल तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिची रीतसर तपासणी होते, विशेष शिक्षकांची मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलतीही असतात. शैलीच्या लेबलाखाली यातलं काही झाकलं गेलं, तर हातची वर्षं निघून जातात. म्हणून वाचनाला कंटाळणाऱ्या मुलासाठी पहिला कागद प्रश्नावलीचा नको, डोळे तपासल्याचा हवा.

(बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता, शैली आणि करिअर सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांबद्दल दोनच वाक्यं पुरेत. बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्या बघून मूल गणितात कसं निघेल हे सांगता येतं, याला वैज्ञानिक आधार नाही.)

मग मुलांनी स्वतःला ओळखायचंच नाही का? ओळखायचं, पण वेगळ्या प्रश्नानं. ‘मी कोणत्या प्रकारचा?’ या प्रश्नाऐवजी ‘मला यातलं काय येतं, काय येत नाही, आणि ते मला कसं कळलं?’ हा प्रश्न या वयात फार कामाचा आहे. आपल्याच विचारांकडे बाहेरून बघण्याची ताकद या सुमारास वाढत असते. ती मेंदूच्या पुढच्या भागाच्या वाढीशी निगडित आहे आणि ही वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. पाचवीतलं पोर ‘झाला अभ्यास’ म्हणून मोकळं होतं, आठवीतल्याला ‘झाला म्हणजे काय?’ असं स्वतःला विचारायला शिकवता येतं.

अभ्यास झाला म्हणजे काय, याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची असते, मोठ्यांचीही. धडा चार वेळा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो आणि ओळख म्हणजेच येणं असं वाटतं. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्यानंतर पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आठवायला लागणारे कष्टच आठवण पक्की करतात. घोकंपट्टीपेक्षा कोऱ्या कागदासमोर बसणं नकोसं वाटतं, पण फायदा त्याचाच.

गणितातला एक प्रयोग तर नेमका याच वयावरचा आहे. फ्लोरिडातल्या सातवीच्या मुलांना डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी सुमारे तीन महिने सरावाचे संच दिले. काही प्रकारची गणितं सलग होती, तर काही इतर प्रकारांत मिसळलेली. शेवटी सगळ्यांची उजळणी झाली. एका दिवसानंतरच्या परीक्षेत मिसळून केलेल्या गणितांत ८० टक्के आणि सलग केलेल्यांत ६४ टक्के गुण मिळाले. महिन्यानंतर परीक्षा घेतली तर हे आकडे ७४ आणि ४२ होते. सलग दहा गणितं सोडवताना रीत कोणती हे आधीच माहीत असतं, मिसळलेल्या संचात ती दर वेळी निवडावी लागते. परीक्षेत नेमकं तेच करावं लागतं. आपल्या गणिताच्या पुस्तकात ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो. धडे संपल्यावर उरकायचा म्हणून तो उरकला जातो, खरं तर दर आठवड्याला त्यातली चार-पाच गणितं करायला हवीत.

आणखी एक गोष्ट अभ्यासाच्या तंत्रात धरलीच जात नाही, ती म्हणजे झोप. वयात येताना शरीरातलं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, त्यामुळे या मुलांना लवकर झोप येत नाही. तो निव्वळ आळस नव्हे, मोबाइल त्यात भर घालतो एवढंच. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोपेची शिफारस आहे, आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. रात्री नऊला क्लासहून येऊन सकाळी सातच्या शाळेत पोचणाऱ्या मुलानं हे तास आणायचे कुठून? २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. तो चांगलाच आहे. पण ज्यांचं घड्याळ निसर्गतःच पुढे गेलेलं असतं, ती आठवी-नववीची मुलं त्यात नाहीत.

घरी करता येईल अशी एक गोष्ट आहे आणि तिला एक जुनी वही पुरते. घटक चाचणीच्या आदल्या दिवशी मुलानं त्यात लिहायचं: विषय, अभ्यास कसा केला (वाचून, आठवून लिहून, गणितं सोडवून), किती दिवसांत केला, आणि वीसपैकी किती गुण पडतील याचा अंदाज. उत्तरपत्रिका मिळाली की शेजारी खरे गुण. पालकांनी या वहीत लाल शाई वापरायची नाही आणि शेजारच्या मुलीचे गुण विचारायचे नाहीत, नाहीतर पुढच्या वेळेपासून खोटे अंदाज येतील. बोलायचं ते फक्त फरकाबद्दल. कुठल्या प्रश्नाला येतंय असं वाटलं होतं आणि आलं नाही?

सुरुवातीला अंदाज सोळा आणि गुण नऊ असं होणं अगदी स्वाभाविक आहे. तीन वेळा वाचलेला धडा ओळखीचा वाटलेला असतो, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या वेळी ‘अभ्यास कसा केला’ या रकान्यात ‘पुस्तक मिटून लिहिलं, दोन दिवसांनी पुन्हा लिहिलं’ असं आलं, अंदाज अकरावर उतरला आणि गुण बारा पडले, तर त्या मुलाला स्वतःबद्दल काहीतरी नेमकं कळलेलं असतं. मग इतिहासाचं पुस्तक उघडताना तो कुरकुरेलही. पण ‘त्या कागदावर आलंय’ हे कारण मात्र सांगणार नाही.